तिच्या वाटचे आटे

फिटरताईने आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. हार्डवेअरवाल्याशी तिचं भांडण, पाणीखात्याच्या माणसांशी भांडण, ज्याच्या घरी नळ दुरुस्त करायला जाई त्याच्याशी तर काम सुरू व्हायच्या आधी भांडण. आधीच्या फिटरने कसली घाण करून ठेवली आहे आणि घरमालकाने ती डोळे मिटून कशी चालवून घेतली, हे ती दारातच ऐकवायची. मग बापाची जुनी खाकी पँट वर सारून पाण्यात बसायची आणि काम असं करायची की पुन्हा त्या जागी हात लावायची वेळ येऊ नये. लोक तिला शेवटचा उपाय म्हणून बोलवत. दुसरे सगळे हात टेकून गेले की मग कुणीतरी नाइलाजाने म्हणायचं, "आता फिटरताईला सांगा. आणि ती आली की मी घरी नाही म्हणा."

दुकान तिच्या बापाचं. रस्त्याकडून आत जाणारी एक लांबोडकी खोली, पुढे गल्ला आणि फळ्यांवर सॉकेट, एल्बो, टी असले पाइपांचे जोड मांडलेले. मधे लोखंड कातायचं लेथ मशीन. मागे लोखंडी जिना आणि वर राहायच्या दोन खोल्या. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. आई लवकर गेली. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. बाप कामाला निघाला की हत्यारांची पिशवी मुलगी उचलायची. तिला शाळेत घातलं होतं, पण ती शाळेपेक्षा टाक्यांमध्ये जास्त वाढली. पाइपात बोट घालून माप सांगायची. मुलगा अगदी उलटा. त्याला उंचीची भीती, बंद जागेची भीती, आणि झोपेची अतोनात आवड. त्याला गल्ल्यावर बसवला आणि तो तिथेच शोभला. गिऱ्हाईक हसून आत यायचं ते त्याच्यामुळे.

बाहेरची सगळी कामं हळूहळू मुलीकडे आली. लेथवर मात्र बाप कुणाला बसू देत नसे. लोखंडाला आटे, म्हणजे स्क्रूला असतात तसे वेढे, पाडणं ही त्याच्या लेखी नुसती मजुरी नव्हती. मुलगी मागे लागायची, मला शिकवा. तो म्हणायचा, शिकवतो, एवढा हंगाम जाऊ दे. असे बरेच हंगाम गेले.

मग मुलाचं लग्न झालं. सून आली ती काटकुळी, कमी बोलणारी, आणि एका टर्नरची मुलगी. लेथ तिने लहानपणापासून पाहिलेला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती सासऱ्यांना चहा द्यायला खाली आली, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता आणि हत्यार कामावरून घसरायच्या बेतात होतं. तिने कप खाली ठेवला आणि हँडल बरोबर तेवढं मागे फिरवलं. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो तिला शिकवायला लागला.

फिटरताई संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तिला दिसलं ते असं: बापाच्या स्टुलावर भावजय, आणि बापाचा कातडी एप्रन भावजयीच्या अंगावर.

"तू बाहेरचं बघतेसच," बाप म्हणाला. "आता ही आतलं बघेल. घरातल्या घरात सगळं झालं."

तिने आपलं ताट घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून जेवली. पुढे ती कायम तिथेच जेवली.

तिथून दोघींचा छत्तीसचा आकडा सुरू झाला. भावजयीने केलेला प्रत्येक तुकडा फिटरताई गिऱ्हाइकासमोर कॅलिपर लावून मोजायची आणि म्हणायची, "केसभर जास्त आहे." भावजयही काही गरीब गाय नव्हती. नणंदेने माप सांगितलं की ती शांतपणे म्हणायची, "ताई, पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं की, "मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं, परत सांगा." मशीन बंद असायचं. मधे भाऊ, दोघींकडे आळीपाळीने बघून हसणारा. त्याला वाटायचं हसण्याने सगळं निभतं, आणि बराच काळ निभलंही.

निभलं नाही ते एका विनोदामुळे. कागद कारखान्याचा एक स्टोअरकीपर दुकानात यायचा. विधुर होता, स्वभावाने संथ. एक सॉकेट न्यायला यायचा आणि तासभर उभा राहायचा, तोही फिटरताई दुकानात असेल तेव्हाच. ती त्याच्यावरही खेकसायची, पण जरा कमी. तो आला की हात धुऊन घ्यायची, हे भावाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एकदा ती नसताना तो आला आणि त्याने आडून आडून भावजयीला विचारलं, ताईंचा स्वभाव घरात कसा असतो. भावजय लेथवर होती. वर न बघता ती म्हणाली, "लग्न करा की. फक्त घरात हेल्मेट घालून बसा."

स्टोअरकीपर हसला. भाऊही हसला. त्यानंतर स्टोअरकीपर काही आला नाही. तो विनोदामुळे आला नाही की त्याची कुठे बदली झाली, हे कुणी शोधलं नाही. पण भावाने, त्या भोळ्या माणसाने, जेवताना तो विनोद जसाच्या तसा बहिणीला सांगितला, तिलाही हसू येईल म्हणून. जिन्यावरून ताट उचलून ती उठली, ताट धुतलं, जागेवर ठेवलं, आणि त्या दिवसापासून भावजयीशी बोलणं बंद केलं. भावजयीनेही समजूत काढली नाही. ती म्हणाली, जे खरं ते बोलले.

बाप या सगळ्यात एका थंडीत गेला. त्याने कुणाची बाजू घेतली नाही, आणि दोघींनीही त्याला ते माफ केलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. सकाळी दुकानातला फोन वाजला. भाऊ लोखंड आणायला परगावी गेला होता, गल्ल्यावर फिटरताई होती. पलीकडून भावजयीचा भाऊ बोलत होता. आईचं जास्त आहे, ताईला लगेच निघायला सांगा, एवढंच म्हणाला. फिटरताईने "बरं" म्हणून फोन ठेवला. भावजय लेथवर पाठमोरी उभी होती, हाक मारली असती तर वळली असती. फिटरताईने हाक मारली नाही. तिच्याशी मी बोलत नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडणं तिला कधी जमलं नाही. तिने निरोप ठेवून दिला. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्याला सांगितला. तोपर्यंत तिकडे जाणारी शेवटची गाडी सुटून गेली होती. नवराबायको सकाळी निघाले. पोचले तेव्हा घरात रडणंसुद्धा संपलं होतं.

भावजयीचा भाऊ तिला म्हणाला, "कालचा सगळा दिवस तुझी वाट बघत होती ती. तुला मशीन सोडवेना का?" तिने नवऱ्याला विचारलं, निरोप कधी आला. तो म्हणाला, संध्याकाळी. त्याला तो संध्याकाळीच मिळाला होता, तो खोटं बोलला नव्हता. तिचा भाऊ म्हणत होता, मी सकाळी फोन केला. तिने नवऱ्यावर विश्वास ठेवला, भावाने तिच्यावर ठेवला नाही. तो पुढे तिच्याकडे यायचा थांबला, आणि तिचं माहेर तिथेच तुटलं. खरं काय ते सांगू शकणारं माणूस रोज त्याच छताखाली, जिन्याच्या पायरीवर बसून तिच्या हातचं जेवत होतं. तिला संशय नव्हता असं नाही. पण विचारायचं म्हणजे आधी बोलायचं, आणि तीही आता न बोलण्यात नणंदेइतकीच मुरली होती.

काही वर्षांनी फिटरताईचा भाऊ गेला. झोपेतच गेला. आता दोघींच्या मधे कुणीच उरलं नाही, आणि गंमत अशी की धंदा थांबला नाही. फिटरताई झिजलेला भाग लेथशेजारच्या फळीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवा ठेवलेला असायचा. तो ती मोजायची, आता गिऱ्हाईक नसतानाही, आणि काही न बोलता पिशवीत टाकायची. जेवणाचं ताट झाकून जिन्याच्या पायरीवर ठेवलेलं असायचं. मदतीला माणसं ठेवून पाहिली. कुणी टिकलं नाही. एकीने सांगितलेलं दुसरी खोडून काढायची, तेही त्या माणसाच्या तोंडून. शेवटचा गेला तो हत्यारं तिथेच टाकून गेला.

अशात धुलाई कारखान्याचं काम आलं. त्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुतले जात. सगळा कारभार गरम पाण्याच्या एका मोठ्या लोखंडी टाकीवर चाले. बॉयलरची वाफ एका पाइपातून टाकीपर्यंत यायची, टाकीच्या भिंतीतून आत जायची आणि आतल्या वेटोळ्यातून फिरून पाणी तापवायची. भिंतीतून आत जायची जागा म्हणजे दोन बोटं जाडीची एक गोल लोखंडी प्लेट. तिला मधोमध आरपार भोक आणि भोकाला आटे. बाहेरून पाइपचा एक तुकडा त्यात फिरवून घट्ट करायचा, आतून दुसरा. दोघांनी निम्मी निम्मी जाडी वाटून घ्यायची. ती जुनी प्लेट गंजून खलास झाली होती. वाफ बाहेर शिट्टी मारत होती, पाणी कोमट राहत होतं आणि चादरींचे ढीग छताला लागत होते.

फिटरताईने बाहेरून बोल्ट कापून जुनी प्लेट काढली आणि फळीवर ठेवली. भावजयीने तशीच नवी केली. आटे असे स्वच्छ पाडले होते की फिटरताईने कॅलिपर लावला, पुन्हा लावला आणि नाक मुरडून प्लेट पिशवीत टाकली.

अडचण वेगळीच निघाली. प्लेट बसवायला एक माणूस टाकीच्या आत लागतं आणि एक बाहेर. एवढी वर्षं फिटरताई आत जायची आणि भाऊ, जमिनीवर उभं राहायचं असल्यामुळे न घाबरता, बाहेर पाना धरायचा. या वेळी ती शिडीवरून टाकीच्या माथ्यावर चढली, झाकण काढलं, पाय आत सोडले आणि कमरेशी अडकली. शेवटची आत उतरली होती त्याला बराच काळ लोटला होता आणि त्या काळात ती रुंद झाली होती. तिने श्वास सोडून पाहिला. एका कुशीवर होऊन पाहिलं. खाली कारखान्याचा मॅनेजर उभा होता. त्याने काळजीने विचारलं की टाकीचं तोंड कापून मोठं करता येईल का. तिने त्याला वरूनच जे ऐकवलं त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

आत मावेल अशी आणि हातात पाना धरता येईल अशी एकच व्यक्ती होती. मॅनेजरने स्वतः दुकानात जाऊन भावजयीला विनंती केली. दवाखान्यांत रुग्ण उघड्या गाद्यांवर पडलेत, असं त्याने सांगितलं. तिने मशीन बंद केलं, ते पुसलं, आणि मॅनेजरच्या गाडीतून आली. शिडी चढली आणि पाण्यात मासळी उतरावी तशी टाकीत उतरली. फिटरताई दुसरीकडे बघत होती.

सुरुवातीला मॅनेजर दोघींच्या मधे निरोप्या झाला. शिडीवर उभा राहून त्याने डोकं टाकीच्या तोंडात घातलं होतं.

फिटरताई बाहेरून म्हणायची, "तिला सांगा, बोल्टचं डोकं आतून धरायचं, फिरू द्यायचं नाही."

मॅनेजर आत म्हणायचा, "बोल्टचं डोकं धरा म्हणतात, फिरू देऊ नका."

आतून आवाज यायचा, "त्यांना सांगा, धरलंय."

"धरलंय म्हणतात."

असे प्लेटचे सगळे बोल्ट आवळून झाले. शेवटी तो न राहवून म्हणाला, "अहो, तुम्हाला दोघींचं दोघींना ऐकू येतंय की." तेवढ्यात त्याला ऑफिसातून बोलावणं आलं आणि सुटल्यासारखा तो शिडीवरून उतरून गेला.

आता बाहेरचा तुकडा. जोड गळू नये म्हणून फिटरताईने आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला आणि तुकडा प्लेटमध्ये फिरवायला घेतला. आधी हाताने, मग पाइप पान्याने. तुकडा निम्म्यावर आला हे तिच्या मनगटाला कळलं. इतकी वर्षं त्याच मनगटाच्या जोरावर ती भाकरी खात आली होती. पुढे कधीतरी तिने कारखान्याच्या बॉयलरवाल्याला सांगितलं ते असं: "कळत होतं. हात थांबला नाही." तिने आणखी एक वेढा दिला, मग आणखी एक, आणि पान्यावर सगळं वजन टाकून शेवटचा. मग खाली बसून घाम पुसला. माझी बाजू पक्की झाली, तिची ती बघेल.

आतून बराच वेळ लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत राहिला. भावजय आतला तुकडा लावत होती आणि तो दोन वेढ्यांत अडकून थांबत होता. तिने तो काढला, पुन्हा लावला. मग आवाज बंद झाला.

"तुकडा बसत नाही," आतून शब्द आले. मधे कुणी निरोप्या नसताना, थेट.

फिटरताई टाकीच्या भिंतीला म्हणाली, "आटे कमी पाडलेत."

"आटे आरपार आहेत. मी पाडलेत, मला माहीत आहे. बोट घातलं की तुमच्या पाइपचं तोंड लागतंय." टाकीत तिचा आवाज होता त्याहून मोठा होऊन घुमत होता. "तुम्ही मधल्या रेषेच्या पलीकडे आलायत. माझ्या वाटचे आटे तुम्ही खाल्लेत."

इस्त्रीच्या टेबलांवर काम करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. फिटरताईने त्यांच्याकडे असं बघितलं की माना खाली गेल्या.

दोन वेढ्यांवर धरलेला तुकडा वाफेचा जोर आला की सुटतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तसंच सोडून जाता आलं असतं. प्लेट चुकीची झाली असं म्हणता आलं असतं, आणि मॅनेजरला काय कळणार होतं. पण काम वाईट करून जाणं तिला जमेना, तेवढी ताकद तिच्या द्वेषातही नव्हती. तिने पाना उलटा लावला आणि तुकडा सोडवत बाहेर काढला. सूत चुरगळून गेलं होतं. ती आटे ब्रशने साफ करायला लागली.

प्लेटमधलं भोक आता मोकळं झालं होतं. टाकीतल्या अंधारात त्यातून उजेडाचा एक गोल पडला आणि त्या गोलात भावजयीचा डोळा आला, भोवती गंजाची तांबडी पूड.

"माझी आई गेली तेव्हा," ती म्हणाली, "निरोप कधी आला होता?"

फिटरताईचा ब्रश थांबला नाही. "सकाळी," ती म्हणाली.

"मी कुठे होते?"

"मशीनवर. हात लांब केला असता तर पाठीला लागला असता."

"मग?"

"मग काय. मला तू माणसात ठेवलं नव्हतंस. त्या स्टोअरकीपरला काय सांगितलंस, आठव. म्हटलं, हिचा निरोप हिला मिळेल तेव्हा मिळेल."

"तुम्हाला काय सांगितलं होतं फोनवर?"

"आईचं जास्त आहे म्हणाला."

"जास्त आहे म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं नाही?"

फिटरताईने ब्रश खाली ठेवला. "कळलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं. तिने ते अंगावर फेकल्यासारखं सांगितलं, आणि फेकून झाल्यावर मात्र तिचे हात रिकामे झाल्यासारखे नुसते गुडघ्यांवर पडून राहिले.

डोळा भोकापासून बाजूला झाला. वॉशिंग मशीनांचा घरघराट चालू होता, ओल्या चादरींची गाडी शेजारून गेली. फिटरताई उठून उभी राहिली. ती आत वाकून बघणार, एवढ्यात भोकातून दोन बोटं बाहेर आली.

"सूत द्या," भावजय म्हणाली.

फिटरताईने सुताची गुंडी त्या बोटांत दिली. बोटं आत गेली.

"आता लावा तुमचा. मी सांगेन तेव्हा थांबायचं."

फिटरताईने नवं सूत गुंडाळलं, तुकडा लावला, पाना फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी सांगण्याची वाट बघत पाना फिरवत होती. भावजय आतून भोकात बोट घालून बसली होती.

"बस," आतून आलं.

ती थांबली. मग आतला तुकडा फिरू लागला. आटा आट्यात धरत गेल्याचं तिला भिंतीला टेकवलेल्या तळहातातून कळत होतं. दोघींचं काम झालं. आतला एल्बो वेटोळ्याला जोडला, बाहेर व्हॉल्व्ह चढला. भावजय टाकीच्या तोंडातून वर आली तेव्हा फिटरताई शिडीवर होती. कामावर कुणालाही द्यावा तसा तिने हात पुढे केला. भावजयीने तो हात बाजूला सारला, कडेला धरून स्वतःला वर ओढलं आणि शिडीवर नणंद असल्यामुळे ती उतरेपर्यंत वर टाकीवरच उभी राहिली.

बॉयलरवाल्याने वाफ सोडली. फिटरताई जोडापाशी गाल नेऊन बसून राहिली. एक थेंबही आला नाही. मॅनेजरने चहा मागवला. भावजय तोपर्यंत चालत निघून गेली होती.

त्या संध्याकाळी भावजयीने वरच्या खोलीतून आपल्या भावाला फोन केला. तो आधी घ्यायलाच तयार नव्हता. त्याच्या बायकोने त्याच्या हातात दिला. ती जास्त बोलली नाही. तू सकाळी फोन केला होतास, मला तो मिळाला नव्हता, आता खरं कळलं, एवढंच सांगितलं. कुणामुळे मिळाला नाही ते त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. फिटरताई खाली पायरीवर बसून जेवत होती. वरचं सगळं तिला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी फळीवर ठेवलेला झिजलेला सॉकेट तसाच राहिला. तिसऱ्या दिवशीही. लेथ बंद नव्हता. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं होत होती, त्यांचे तुकडे पुसून नीट रचून ठेवले जात होते. फिटरताईच्या कामाला मात्र हात लागत नव्हता. ती बाजारातून तयार माल आणून कामं करू लागली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बाजारातल्या मालाच्या नावाने बोटं मोडू लागली. ताट मात्र रोज यायचं, झाकलेलं, गरम. तेच तिला सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर तिच्याकडे उत्तरं तयार होती.

मग भावजयीचा भाऊ आला. केस पांढरे झालेला, काठी घेऊन. दुकानात शिरताना गल्ल्यावर फिटरताई बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओळखलं आणि तिच्या पुढून लेथपाशी गेला. भावजयीने मशीन बंद केलं. दोघं भाऊबहीण तिथेच उभे राहिले, तो तिच्या एप्रनकडे बघून काहीतरी म्हणाला आणि ती हसली. फिटरताईने त्या घरात तिला हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने गल्ल्याची किल्ली फळीवर ठेवली, जिन्याखालून आपली ट्रंक ओढली, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. कुणी तिला थांबवलं नाही, आणि कुणी जा असंही म्हणालं नव्हतं.

धुलाई कारखान्यात तिला कायमची जागा मिळाली. बॉयलरमागे एक खोली होती, ऊबदार आणि काळवंडलेली. तिथे ती राहिली. बॉयलरवाला तिच्याच वयाचा, मोठ्याने बोलणारा, तिच्या शिव्यांना शिव्यांनी उत्तर देणारा. त्याच्याशी तिचं रोज वाजायचं आणि ती कधी आजारी पडली की तोच चहा आणून आदळायचा. मॅनेजर बदलले, तीन तरी तिने रडवले. त्यातला एक नोकरी सोडून शिकवण्या घेऊ लागला.

डोळे गेले ते वयाने. जोडावर सूत गुंडाळताना तिला सूत दिसेना, तेव्हा तिने कबूल केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरने सांगितलं की औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालायला घरचं कुणीतरी हवं. बॉयलरवाल्याचे हात इतके जाड की तो थेंब डोळ्याऐवजी कानात घालायचा. मॅनेजरने तिला न विचारता दुकानात फोन केला.

भावजय आली. नर्सने विचारलं, तुम्ही यांच्या कोण. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याची बहीण आहे." नणंद म्हणाली नाही. पट्टी बांधलेली फिटरताई सगळं ऐकत होती. भावजयीने तिला रिक्षात बसवलं, दुकानात आणलं, आणि जिना चढवता येईना म्हणून लेथच्या मागे खाट टाकून तिथे निजवलं.

ठरलेल्या वेळी मशीन थांबायचं. भावजय हात साबणाने दोनदा धुवायची, तरी बोटांना तेलाचा वास राहायचा. ती एका बोटाने पापणी खाली ओढायची, थेंब सोडायची, डोळ्याच्या कोपऱ्यात कापूस टेकवायची आणि जायची. एकही वेळ चुकली नाही. आपणहून एकही शब्द बोलली नाही. फिटरताईने दोनतीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाली, "तो स्टोअरकीपर तसाही आला नसता." भावजयीने दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढली. एकदा म्हणाली, "तुझी आई..." आणि भावजयीचं बोट पापणीवर थांबलं, दाबलं नाही, सोडलंही नाही. "बोलू नका," ती म्हणाली, "थेंब बाहेर येतो."

नजर आली तेव्हा तिला पहिलं दिसलं ते लेथवरचं काम. भावजय आटे पाडत होती. फिटरताई खाटेवर उठून बसली आणि तिने ते अगदी शेवटपर्यंत पाहिलं, आधी कधी पाहिलं नव्हतं तसं. तुकडा तयार झाल्यावर भावजयीने तो फळीवर ठेवला. तो मोजायला फिटरताईचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला.

एका सकाळी वेळ झाली आणि मशीन थांबलं नाही.

"थेंब?" फिटरताईने विचारलं.

"बाटली संपली," भावजय म्हणाली. "डॉक्टरने एवढीच सांगितली होती."

फिटरताईने खाट घडी घालून भिंतीला लावली. भावजयीने तिच्या चपला आधीच बाहेर ठेवल्या होत्या. ती कारखान्याकडे चालत गेली, आणि दुपारपर्यंत बॉयलरवाल्याशी तिचं भांडण रस्त्यावरून ऐकू येत होतं.